वडिलांचं उत्पन्न

४ जून
मुलींचं हॉस्टेल

बाबा,

वर 'तीर्थरूप' लिहिलेलं नाही. विसरले म्हणून नव्हे, हात वळला नाही म्हणून. तुम्ही घर सोडून गेलात त्याला आता बरीच वर्षं झाली आणि मधल्या काळात तुमची जी चार-दोन पत्रं आली, त्यात तुमच्या भरभराटीशिवाय काही नव्हतं. आम्ही जिवंत आहोत का, हे विचारायला जागा उरली नसावी.

फोन करू नका, मी उचलणार नाही. फोनवर तुम्ही बोलायला लागलात की समोरचा माणूस मान डोलवायला लागतो. आईने आयुष्यभर तेच केलं. कागदावर तुमचा आवाज येत नाही, तेवढंच बरं.

काम एकच आहे. मी भूगर्भशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला गेले. माझी फी सरकार परस्पर विद्यापीठात भरतं आणि राहण्या-जेवणासाठी दर महिन्याला थोडा भत्ता माझ्या खात्यात टाकतं. त्यासाठी आईवडिलांचं मिळून उत्पन्न ठरलेल्या मर्यादेच्या खाली असावं लागतं. थोडं वर गेलं तर अर्धी फी, आणखी वर गेलं तर कर्ज काढा, त्याच्याही वर गेलं तर या आता. गेल्या वर्षी मी 'वडील वेगळे राहतात' असं लिहिलं आणि मदत कचेरीच्या खिडकीवरच्या बाईंनी काही विचारलं नाही. आईच्या, म्हणजे इस्पितळाच्या लाँड्रीतल्या पगारावर सगळं मंजूर झालं. यंदा नियम बदललाय. कायदेशीर घटस्फोट नसेल तर दोघांचंही उत्पन्न धरणार. तुम्ही जाताना शर्ट नेलेत, रेडिओ नेलात, घटस्फोट करायचा तेवढा राहून गेला.

सोबत फॉर्म आहे. 'वडिलांचे उत्पन्न' या रकान्यात आकडा लिहायचा, खाली सही करायची. एवढंच. बाकी आयुष्यात काही मागणार नाही.

तुमची (हे छापील समजा),
जज्जीण


१७ जून
(दुकानाच्या छापील कागदावर)

चि. जज्जीणबाईंस अनेक आशीर्वाद. नको असतील तर परत पाठव, टपालखर्च माझा.

पत्र वाचून ऊर भरून आला. काय ती भाषा! पाच वर्षांची असताना तू चहाच्या कपाला तडा कुणी पाडला याचा निकाल देऊन मला कोपऱ्यात उभं केलं होतंस. म्हणून तर तुला मी जज्जीणबाई म्हणायला लागलो. निकाल चुकीचा होता, कप तुझ्या आईने फोडला होता. तिला विचार.

आता कामाचं. फॉर्म मी फाडून टाकला. रागावू नकोस, आधी ऐक. मी धडधाकट जिवंत असताना माझ्या मुलीने सरकारपुढे हात पसरायचा? आणि कुणापुढे? ज्यांना साधं खुर्चीत नीट बसता येत नाही त्यांच्यापुढे! सरकारी कचेऱ्यांच्या खुर्च्या दुरुस्तीला येतात ना आमच्याकडे, मला माहीत आहेत हे लोक. एका बाजूला रेलून रेलून बैठकीचं पार डबकं करून ठेवतात. आठ तास रेलायचं आणि महिनाअखेर पगार घ्यायचा. असल्या लोकांनी माझं उत्पन्न तपासायचं?

आणि दगडांचा अभ्यास करायला सरकार पैसे देतं, हीही गंमतच आहे म्हणा. असो. तुझा छंद.

यंदाची फी मी भरणार. पुढचीही मीच. वरचं नाव वाचलंस ना? शहरातलं सगळ्यात मोठं फर्निचरचं दुकान. काचेला काच लागून चार खिडक्या आहेत. तेव्हा निर्धास्त राहा आणि त्या खिडकीवरच्या बाईला सांग, आम्हाला तुमची गरज नाही.

तुझा बाप
(हे छापील नव्हे)


१२ जुलै

बाबा,

पैसे आले नाहीत. मी वाट बघत होते असं समजू नका. मैत्रिणीशी पैज लावली होती, मी जिंकले.

आलं ते पार्सल. खुर्चीची उशी. चॉकलेटी रेक्झिन, कडेने गोट, मागे बांधायला चार नाड्या. फीच्या ऐवजी उशी! विद्यापीठाच्या कॅशियरने ती घेतली असती तर मी दिली असती. तशी गंमत म्हणून माझ्या खुर्चीवर टाकून बघितली, तर अगदी बरोबर बसली. तेव्हा आणखीच चीड आली. खाली गेले आणि हॉस्टेलच्या वॉचमनला देऊन टाकली. लोखंडी खुर्चीवर बसून त्या बिचाऱ्याला मूळव्याध व्हायची वेळ आली होती. तो तुम्हाला आशीर्वाद देतोय. कुणीतरी देतंय.

आता शांतपणे वाचा. फीची शेवटची तारीख ऑगस्टची अखेर. तोवर मदत मंजूर झाल्याचा शिक्का मिळाला नाही, किंवा रोख फी भरली नाही, तर दुसऱ्या वर्षाला माझं नाव लागणार नाही. नाव नाही तर हॉस्टेल नाही. मग मी आईच्या शेजारी उभी राहून चादरी पिळणार. तुमच्या बोलण्याला भुलून या घरातली आणखी एक बाई वाफेत उभी राहणार, एवढाच काय तो फरक पडेल.

दुसरा फॉर्म पाठवते आहे. खिडकीवरच्या बाईंनी तो देताना "एवढा काय कठीण आहे हा?" असं विचारलं. मी म्हटलं, फॉर्म सोपा आहे, माणूस अवघड आहे. आकडा लिहा, सही करा. फाडू नका, भाषण जोडू नका, आणि कृपा करून काही शिवू नका.

जज्जीण


२२ जुलै

चि. जज्जीणबाईंस,

लिहिला आकडा. केली सही. आता ताठ मानेने दाखव तुझ्या खिडकीवरच्या बाईला.

उशी वॉचमनला दिलीस ते चांगलं केलंस. मी काही ती मुद्दाम केली नव्हती. दुकानात पडली होती.

तुझा बाप


१० ऑगस्ट

बाबा,

तुमचा आकडा खिडकीवरच्या बाईंनी वाचला. मग चष्मा पुसून परत वाचला. मग काउंटरवरून वाकून माझ्या चपलांकडे बघितलं. उजव्या चपलेचा अंगठा मी तारेने बांधलाय. त्या हसल्या असत्या तर बरं झालं असतं. पण त्या मला "मॅडम" म्हणाल्या. गेलं वर्षभर "ए मुली, रांगेत उभी राहा" असं म्हणणारी बाई मला मॅडम म्हणाली! "मॅडम, एवढं उत्पन्न असताना तुम्ही गरिबांच्या रांगेत कशाला येता?"

मागच्या मुलींनी ऐकलं. आता हॉस्टेलात माझं नाव राजकन्या पडलंय.

तुमचा आकडा कर्जाच्या मर्यादेच्याही वर आहे. म्हणजे पूर्ण मदत नाही, अर्धी नाही, कर्जही नाही. शिवाय एवढं उत्पन्न असताना गेल्या वर्षी मी ते लपवलं, असा अर्थ त्यांनी काढला. गेल्या वर्षीची सगळी मदत परत करा, अशी नोटीस काल हातात पडली. म्हणजे यंदाची फी मी भरायची आणि गेल्या वर्षीचीही.

ठीक आहे. एवढे कमावता ना? चार खिडक्यांचं दुकान आहे ना? मग भरा. दोन्ही वर्षांचे. तीन आठवडे आहेत. आयुष्यात पहिल्यांदा मी तुमच्या फुशारकीवर विश्वास ठेवायला तयार आहे. पटकन फायदा करून घ्या.

जज्जीण


१६ ऑगस्ट

चि. जज्जीणबाईंस,

असं एकदम अंगावर येऊ नये. व्यापारात पैसा फिरता असतो, तो काय कपाटात घडी घालून ठेवलेला असतो? मोठी ऑर्डर अडकली आहे, गिऱ्हाईक पैसे सोडेना. आणि खिडकीवरच्या बाईंच्या वर साहेब असतात, साहेबांच्या वर आणखी कुणी असतं. त्यांच्यापैकी एकाचा दिवाणखाना आपण सजवलाय. मी शब्द टाकतो. तू फक्त डोकं शांत ठेव.

राजकन्या काय वाईट नाव आहे?

तुझा बाप


१८ ऑगस्ट

आत्या,

तुला पत्र लिहायचं कारण, तुझ्या भावाच्या दोन गल्ल्या पलीकडे तू राहतेस आणि तुझ्या सहीला सरकारी दवाखान्यातली नर्स म्हणून किंमत आहे. त्याच्या सहीने काय झालंय ते सोबतच्या नोटिशीत वाच.

एक वाट उरली आहे. वडिलांनी लेखी दिलं की 'या मुलीची जबाबदारी माझी नाही आणि यापुढे मी तिच्याशी संबंध ठेवणार नाही,' आणि जवळच्या एका नातेवाइकाने साक्षीदार म्हणून सही केली, तर त्यांचं उत्पन्न माझ्या नावावरून वगळतात. मग आईचा एकटीचा पगार धरतात आणि सगळं पूर्वीसारखं होतं. मात्र ते खरंच पाळावं लागतं. पदवी हातात पडेपर्यंत पैसा, पत्र, भेट काही नाही. कुणी तक्रार केली आणि संबंध आहे असं दिसलं, तर सगळी मदत परत मागतात.

मला ते पाळायला काहीच जड जाणार नाही. त्यांनाही जाऊ नये, कित्येक वर्षांचा सराव आहे. तू फक्त त्यांच्यासमोर बसून सही करून घे आणि खाली तुझी कर.

तुझी भाची


२४ ऑगस्ट

बये,

पस्तीस वर्षं बाळंतिणींच्या वॉर्डात काढली. "ओरडू नका" म्हणून बायकांवर ओरडत आले, पण तुझ्या बापासारखा कळा देणारा माणूस बघितला नाही. नोटीस वाचली आणि आधी हसले, मग कपाळाला हात लावला.

दुकान? कसलं डोंबलाचं दुकान! दुकान आहे, चार खिडक्याही आहेत, पण त्या मालकाच्या. दुकानाच्या मागे पत्र्याची शेड आहे. त्यात तुझा बाप सोफ्यांच्या बैठका भरतो. स्प्रिंगा बांधायच्या, फोम कापायचा, वर कापड ताणून ठोकायचं. पैसे नगावर. सोफा झाला तर मिळाले, नाही झाला तर मालक तोंड फिरवतो. पावसाळ्यात कुणी सोफे करायला टाकत नाही, तेव्हा दोन दोन महिने माझ्याकडे जेवतो आणि माझ्या आमटीला नावं ठेवतो. ते छापील कागद गिऱ्हाइकांना भाव लिहून द्यायला मिळतात. त्यांच्यावर हा जगाला पत्रं लिहीत बसतो.

आणि तू गं? दगड हातात घेऊन तो किती जुना आहे ते सांगतेस म्हणे. मग ती उशी हातात आली तेव्हा कळलं नाही? कुठला दुकानदार स्वतः बसून गोट घालतो? ती उशी त्याने माझ्या घरी बसून केली. तुझ्या हॉस्टेलच्या ऑफिसात फोन करून, फर्निचर तपासणीस बोलतोय अशी थाप मारून खुर्चीचं माप काढलं. तीनदा उसवली. मी म्हटलं, उशीऐवजी खरं काय ते लिही तिला. तर म्हणतो, "तू गप्प बस, तुला व्यापारातलं काय कळतं?" मेला व्यापारी!

मी त्या कागदावर सही करणार नाही. माझ्या भावाशी संबंध तोडायचा असेल तर तो मी तोडीन. दर आठवड्याला तोडते आणि परत जेवायला बोलावते. पण लेक-बापाच्या मधे साक्षीदार म्हणून मला ओढू नका. भांडायचंय तर खऱ्या आकड्यावर भांडा.

तुझी आत्या

ता. क. फीच्या तारखेचं काय? माझी थोडी शिल्लक आहे, पण तेवढ्याने तुझं भागणार नाही.


२७ ऑगस्ट

बाबा,

आत्याने सगळं सांगितलं.

आता पहिल्यापासून विचार करतेय आणि मला तुमची कीव येत नाही, हे आधीच सांगते. राग येतोय आणि किळस येतेय. तुम्ही गरीब आहात याची नव्हे. गरीब बाप सरकारला चालतो. किंबहुना ही सगळी योजना गरीब बापांसाठीच आहे, तुमच्यासाठी अंगावर बेतून शिवल्यासारखी! तुम्ही नुसतं खरं लिहिलं असतं तरी मी आज वर्गात बसले असते. बढाईखोर बाप मात्र चालत नाही. त्याच्यासाठी रकानाच नाही.

आई दरवर्षी तिच्या पगाराचा कागद मला न मागता काढून देते. हात ओले असतात, म्हणून कोपऱ्यावर धरून देते. त्यात लिहिलेला आकडा बघून तिला कधी लाज वाटली नाही. तुम्ही मात्र एका कागदावर, जो मी, ती बाई आणि एक कपाट यांच्याशिवाय कुणी बघणार नव्हतं, तिथेही शेठ होऊन बसलात. ते कुणाला दाखवायला, बाबा? कपाटाला?

मी साहेबांना भेटले. अर्ज चौकशीत आहे असं दाखवून त्यांनी मला सप्टेंबरच्या अखेरीपर्यंत मुदत दिली. तुमच्या कुठल्या ओळखीने नव्हे, मी रडले म्हणून. मी कधी रडत नाही, तेही तुम्हीच करायला लावलंत.

आता दोन कागद पाठवते.

पहिला : मालकाचा दाखला. तुम्ही तिथे काय काम करता आणि काय मिळतं ते मालकाच्या सहीशिक्क्याने. शिवाय आधीचा आकडा खोटा होता, हे तुमच्या शहरातल्या मदत कचेरीत स्वतः जाऊन सांगायचं.

दुसरा : संबंध नसल्याचा. आत्या नाही म्हणाली, पण साक्षीला तुमचा कुणी चुलतभाऊही चालेल. त्यात कुणाला काही विचारावं लागत नाही, कुणासमोर मान खाली घालावी लागत नाही. तुम्ही तसेच चार खिडक्यांचे मालक राहाल.

मी तुम्हाला ओळखते. दुसरा भरून पाठवा. मला चालेल.

जज्जीण


१९ सप्टेंबर
(साध्या वहीच्या कागदावर)

जज्जीणबाई,

छापील कागद संपले नाहीत. घेतला नाही, इतकंच.

मालकाकडे गेलो. मुद्दाम दुपारी, दुकान रिकामं असतं म्हणून. तर नेमकं एक जोडपं सोफा बघत होतं. मी म्हटलं, नंतर येतो. मालक म्हणाला, बोल की, काय लपवायचंय? मी हळू आवाजात सांगितलं, मुलीच्या फीच्या मदतीसाठी दाखला पाहिजे. तो मोठ्याने म्हणाला, "अरे, तुझी मुलगी तर परदेशात असते ना? तिला तिथलं सरकार पगार देतं म्हणाला होतास!" हो. असंही मी सांगितलं होतं. जोडप्यातली बाई सोफ्याच्या हातावर बोट फिरवत खाली बघत राहिली. तो सोफा मीच भरलेला होता.

दाखल्यावर त्याने 'कारागीर' लिहिलं. मी म्हटलं, मुख्य कारागीर लिहा. तो म्हणाला, शेडमध्ये तू एकटाच आहेस. आकडा त्याने लिहिला तो बरोबर आहे. बघून घे. आधीचा आकडा कुठून आणला म्हणशील, तर तो त्याचाच होता. त्याचा हिशेबनीस वाचून दाखवत होता, माझ्या कानावर पडला. कानाला बरा वाटला.

मग मदत कचेरी. रांगेत सगळी पोरं आणि त्यांचे बाप. खिडकीच्या काचेला भोक इतकं खाली की आत बोलायला कमरेत वाकावं लागतं. मी वाकलो. आतली बाई म्हणाली, ऐकू येत नाही, मोठ्याने बोला. मग मोठ्याने बोललो. म्हटलं, मी खोटं उत्पन्न लिहिलं होतं, माझं एवढं नाही. मागच्या पोरांपैकी हसलं कुणी नाही. हसले असते तर मी एखादी कोटी करून वेळ मारून नेली असती.

तिने एक कागद काढला. चूक का झाली, त्याची तीन छापील कारणं. लिहिताना चूक. नियमाचा गैरसमज. माहितीचा अभाव. एकावर खूण करा म्हणाली. मी म्हटलं, बाई, चौथा रकाना नाही का? ती म्हणाली, चौथं काय असतं? मी म्हटलं, मुलीच्या कागदावर बापाच्या नावापुढे एवढासा आकडा लिहायला हात वळेना. तिने स्वतःच 'माहितीचा अभाव'वर खूण केली आणि म्हणाली, पुढचा.

तू म्हणालीस तेच खरं. त्याला रकाना नाही.

कुणाला दाखवायला, असं विचारतेस. तुझ्या आईला. आणि तुला. कपाटाला नव्हे. घर सोडलं तेव्हा मोठा होऊनच परत येईन म्हणालो होतो. मोठा झालो नाही, म्हणून परत आलो नाही. मग जे झालो नाही ते लिहायला लागलो. यात तुझी माफी बिफी मागत नाही, मागून मिळणारही नाही, निकाल मला माहीत आहे.

दुसरा कागद सहीशिवाय परत पाठवतोय. त्यावर मी सही करणार नाही. पदवी मिळेपर्यंत पत्र नाही, म्हणजे काय चेष्टा आहे? किती तरी वर्षांनी कुणीतरी मला इतक्या मन लावून शिव्या घालतंय. तुझं पत्र आलं की मी शेडचं दार लावून घेतो आणि दोनदा वाचतो. ते बंद करण्यापेक्षा मालकापुढे आणखी दहा वेळा वाकेन.

तुझा बाप,
कारागीर


६ ऑक्टोबर
मुलींचं हॉस्टेल

बाबा,

मंजूर झालं. पूर्ण. गेल्या वर्षीची वसुलीही रद्द केली. चुकीची माहिती दिल्याबद्दल दंड म्हणून दोन महिन्यांचा भत्ता मात्र कापलाय, तो तुमच्या नावावर मांडून ठेवते. दुसऱ्या वर्षाच्या यादीत नाव लागलं. खिडकीवरच्या बाई मला परत "ए मुली" म्हणायला लागल्या. फार बरं वाटलं.

तुमचं पत्र आईला दाखवलं नाही. वाचून दाखवलं, कारण तिचे हात ओले होते. मालकाचा दाखला मात्र तिने हात पुसून स्वतः वाचला. म्हणाली, "एवढंच मिळतं? मग जेवतो काय?" मी म्हटलं, आत्याकडे जेवतात आणि आमटीला नावं ठेवतात. तर हसली. कप तिनेच फोडला होता, हेही कबूल केलं. म्हणजे तो एक निकाल फिरवावा लागेल. बाकीचे कायम आहेत, गैरसमज नको.

तुमच्याविषयी माझं मत फारसं बदललेलं नाही. तुम्ही थापाडे आहात, आणि तो फॉर्म तुम्ही पहिल्याच दिवशी नीट भरला असता तर मला इतकी पत्रं लिहावी लागली नसती. पण तो दरवर्षी भरावा लागतो. जूनमध्ये परत दाखला लागेल, तिसऱ्या वर्षासाठी. तेव्हा संबंध ठेवणं भाग आहे. नियमच तसा आहे.

जूनमध्ये मालकाकडे एकटे जाऊ नका. मी येईन. परदेशातून आले म्हणा हवं तर. पण बोलणार मी, तुम्ही फक्त उभे राहा. आणि त्या खिडकीच्या भोकापाशी मी वाकेन, माझी कंबर तरुण आहे.

आता मुख्य काम. वॉचमनकडे उशी परत मागायला गेले. देत नाही. म्हणतो, दिलेली वस्तू परत मागायची नसते, आणि अशी बैठक त्याला सबंध नोकरीत मिळाली नाही. बरंच भांडले, पण तो ऐकेना. शेवटी त्याच्या मापाची दुसरी आली तर माझी परत द्यायला तो तयार झाला. त्याच्या खुर्चीचं माप सोबत पाठवते आहे. दोरीने घेतलंय, दोरीही पाकिटात आहे, गाठीपर्यंत धरा. गोट नीट घाला. तो फार चिकित्सक आहे.

जज्जीण